फाटकाबाहेरचा आवाज

तेकुराने मोटारसायकल रस्त्यावरच बंद केली आणि ढकलत फाटकातून आत आणली. अंगणात पोवळ्याचा पांढरा चुरा पसरलेला होता, त्यात चाकं रुतत होती, तरी तिने मदतीला कुणाला हाक मारली नाही. अंगावर काळा पोशाख, पायांत रबरी चपला. पत्र्याच्या शेडपर्यंत येऊन तिने गाडी स्टँडवर चढवली, डोक्यावरची विणलेली टोपी काढली आणि आधी घरासमोरच्या सासू-सासऱ्यांच्या थडग्यांपुढे मान लववली. मगच ती शेडकडे वळली.

तामुएरा कुणाच्यातरी स्कूटरचा ब्रेक जुळवत उकिडवा बसला होता. तो उठला नाही. त्याची नजर आधी गाडीवर गेली, मग भावाच्या बायकोवर.

"बस," तो म्हणाला.

"बसते, दादा."

ती उभीच राहिली.

आकाइती स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात अळूची पानं होती, ती तिने वाटेतल्या पिंपावर ठेवून दिली आणि धाकट्या जावेला जवळ घेतलं. दोघींनी कपाळाला कपाळ लावलं.

"विमान कधी?" आकाइतीने विचारलं.

"उद्या सकाळी. रुआची शवपेटी त्याच विमानात आहे. मुलगा सोबत आहे."

"आणि जागा?"

तेकुराने पोशाखाच्या बाहीने तोंड पुसलं. "मातावेराला, माझ्या माहेरी, मामांनी दाखवलीय. त्यांच्या आंब्याखाली. खोदणारे म्हणाले, आज दिवस मावळायच्या आत पक्कं सांगा." मग ती थांबली. "रुआ मात्र ऑकलंडच्या दवाखान्यात म्हणत होता, मला पप्पांच्या शेजारी पुरा."

शेडमधला पान्याचा आवाज थांबला.

"मी शपथ घेतलीय," तामुएरा मान वर न करता म्हणाला. "देवापुढे. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, दादा. मी मागायला आलेच नाही."

"मग?"

"गाडी वाजते. उद्या पेटीपुढे मी ती चालवणार आहे. माझ्या माहेरचे सगळे असतील, बंदरावरचे त्याचे सोबती असतील. मधेच बंद पडली तर बरं दिसणार नाही." तिने सीटवरची धूळ हाताने झटकली. "इथपर्यंत आले ती भीत भीतच आले."

तामुएराने पाना खाली ठेवला.

गाडी त्याच्या वडिलांची होती. एका सिलेंडरची जुनी जपानी मोटारसायकल. म्हातारा ती घेऊन नारळाच्या मळ्यात जायचा, चर्चला जायचा, मासळीची पाटी मागे बांधून सगळ्या गावाला वाटत फिरायचा. तिचं इंजिन तामुएराने एकदा पूर्ण उघडून पुन्हा बांधलं होतं. शेवटच्या आजारात म्हातारा धाकट्या रुआला म्हणाला होता की गाडी तू घे. खोलीत त्या वेळी तिसरं कुणी नव्हतं. दफन झालं त्याच संध्याकाळी रुआने गाडी काढली आणि तो मातावेराला, बायकोच्या घरी निघून गेला. थोरल्याला त्याने विचारलं नाही. तामुएरा ओल्या मातीपाशी उभा होता. बायबलवर हात ठेवून तो सगळ्यांदेखत म्हणाला, रुआचा पाय आणि या गाडीचा आवाज, दोन्ही पुन्हा या अंगणात येणार नाहीत. त्याने येऊन चूक कबूल केली तरच.

रुआ आला नाही. वडिलांनी दिलेली वस्तू घेतली यात कसली चूक, असं तो लोकांजवळ म्हणत असे. आणि तामुएरा शपथ पाळत राहिला. रविवारी चर्चच्या आधी चूल पेटवायची नाही, संध्याकाळची घरची प्रार्थना ताप आला तरी चुकवायची नाही, तसंच हेही.

शपथ मात्र अंगणापुरती होती, रस्ता तिच्यात येत नव्हता. बेटाला एकच रस्ता, गोल. रुआ आवातिऊ बंदराच्या धक्क्यावर काम करायचा. तिथून मातावेराला एका अंगाने गेलं तर दहा मिनिटं लागतात. दुसऱ्या अंगाने गेलं तर अख्ख्या बेटाला वळसा पडतो, आणि तामुएराचं आरोरांगी गाव त्या दुसऱ्या अंगाला आहे. तरी रोज संध्याकाळी, घरात प्रार्थना चालू असताना, ती गाडी फाटकावरून जायची. फाटकापाशी आली की रेस सोडलेली ऐकू यायची, इंजिन खडखडायचं, आणि पुढच्या घरापाशी पुन्हा रेस. तेवढ्या वेळात तामुएराचा आवाज एका ओळीपुरता खाली जायचा. पुढच्या ओळीला तो परत वर यायचा. याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

खिजवायला येतो, असं तामुएराने मनाशी धरलं होतं. बापाची गाडी कुणाकडे आहे ते दाखवायला मुद्दाम इकडून जातो, फाटकापाशी हळू होतो. पण त्याचे कान मेकॅनिकचे होते, ते भांडणात सामील झाले नाहीत. पहिल्यांदा नुसती इंजिनाच्या वरच्या भागातून टॅपेटची बारीक टिकटिक आली. मग एका पावसाळ्यानंतर खालून दुसरा आवाज येऊ लागला, डब्यात शंखशिंपले घालून हलवावे तसा, आणि वर्षावर्षाला तो वाढत गेला. आमेन म्हणताना तामुएराची बोटं मांडीवर एखादा बोल्ट पिळल्यासारखी हलायची.

नंतर एके दिवशी आवाज यायचाच बंद झाला. चार-पाच संध्याकाळी गेल्यावर तो जेवताना म्हणाला होता, रस्ता शांत आहे हल्ली. आकाइतीने त्याच्या ताटात नीरफणसाची फोड वाढली आणि सांगितलं, रुआला ऑकलंडला नेलंय. तो पुढे जेवला होता.

आता तो उठला, हात पुसले आणि गाडीचं हँडल धरलं.

"आवाज ऐकल्याशिवाय उघडता येणार नाही," तो म्हणाला. "पण इथं चालू करायची नाही."

त्याने गाडी पुन्हा फाटकाबाहेर ढकलली. आकाइती दारातून बघत होती. "इंजिनाचा डॉक्टर पेशंटला रस्त्यावर तपासतो," ती तेकुराला म्हणाली. "घरात घेतला तर विटाळ होतो."

"तू पानं चिर," तामुएरा म्हणाला.

रस्त्याच्या कडेला, फाटकाच्या खांबापासून हातभर अंतरावर त्याने गाडी उभी केली. एका किकमध्ये इंजिन चालू झालं. तो गुडघ्यावर बसला, लांब पेचकसाचं टोक त्याने इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. वर टिकटिक होती, पण ती साधी. टोक सिलेंडरच्या मध्यावर नेलं. पिस्टन ठीक होता. मग डाव्या बाजूला, खाली. तिथे टोक ठेवताच त्याचा चेहरा आखडला, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसा.

तेवढ्यात बेटाला उलट्या बाजूने फेरी घालणारी बस वळणावरून आली. ड्रायव्हरने वेग कमी करून खिडकीतून डोकं काढलं.

"काय रे तामुएरा, शेड विकलीस का? संसार रस्त्यावर मांडलास तो!"

मग त्याला गाडी ओळखू आली, आणि शेजारी उभी असलेली काळ्या पोशाखातली बाई दिसली. त्याने टोपी काढून छातीशी धरली आणि बस पुढे नेली.

"रेस दे," तामुएरा तेकुराला म्हणाला. "आणखी. धर. आता सोड."

रेस दिली तेव्हा आवाज दबला होता. सोडताच सगळी खडखड एकदम बाहेर सांडली.

"पुन्हा."

तिने पुन्हा रेस दिली, पुन्हा सोडली.

"टायमिंग चेन," तो म्हणाला. "खालचं चक्र वरच्या व्हॉल्व्हशी बांधून ठेवणारी साखळी असते, ती लांबलीय. तिला ताणून धरणारी पट्टीही गेली असणार. रेस असते तेव्हा साखळी ओढलेली असते, म्हणून वाजत नाही. रेस सोडली की सैल पडते आणि आपटते. आवाज सगळ्यात मोठा येतो तो रेस सोडल्यावर."

"हो," तेकुरा म्हणाली. "त्याला माहीत होतं."

तामुएराने पेचकस खाली घेतला. ती आणखी काही बोलेल असं वाटून तो थांबला होता, पण तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. फाटकाच्या खांबावर हात ठेवून ती समुद्राकडे बघत राहिली.

गाडी परत ढकलत शेडमध्ये आली. त्याने टाकी उतरवली, तेल काढलं. तेलाच्या थाळीत रबराचे काळे कण तरंगत होते. ते त्याने बोटावर घेऊन तेकुराला दाखवले आणि फडक्याला पुसले. मग बाजूच्या झाकणाचा बोल्ट सोडवायला पाना लावला, आणि हात तिथेच राहिला.

बोल्टच्या डोक्यावर लाल ठिपका होता. अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर, आणि मधे कुठेही तुटलेला नाही.

त्याने दुसरा बोल्ट फडक्याने पुसला. तिथेही ठिपका. तिसऱ्यावर. वरच्या झाकणाच्या सगळ्या बोल्टांवर. तो उजेडासाठी बाजूला झाला, वाकून गाडीला पूर्ण फेरी घातली, जिथे जिथे आपला हात लागला होता ती प्रत्येक जागा पुसली. तेल काढायचा खालचा बोल्ट वगळता सगळे ठिपके जागच्या जागी होते, मळाखाली, काळपट पडलेले, पण अखंड.

"हे काय, दादा?"

उत्तर आकाइतीने दिलं. चिरलेल्या पानांचं भांडं मांडीवर घेऊन ती शेडच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. "माझी नेलपॉलिश. भाचीच्या लग्नाला म्हणून मुद्दाम आणली होती, अख्खी बाटली या माणसाने इंजिनाला लावली. बोल्ट आवळला की ठिपका द्यायचा. मग नंतर कुणी पाना लावला तर ठिपका तुटतो, चोरी कळते. सासऱ्यांची शिकवण. लग्नात मी गेले ती उघड्या नखांनी."

तामुएरा अजून वाकलेलाच होता.

"इतकी वर्षं," तो म्हणाला, "कुणीच उघडली नाही?"

"नाही."

"आवातिऊला दोन मेकॅनिक आहेत. धक्क्याच्या समोरच."

"त्यातला एक तर फुकट करून देतो म्हणत होता. मीसुद्धा किती भांडले. शेजारणी हसायच्या, तुझा नवरा येतो की पत्र्याचा डबा येतो म्हणायच्या." तेकुरा आता बसली, उलट्या ठेवलेल्या बादलीवर. "रुआ हात लावू द्यायचा नाही कुणाला. म्हणायचा, ही दादाच उघडेल."

शेडच्या पत्र्यावर पिकलेलं पान पडल्याचा आवाज झाला.

"मला तर कधी बोलला नाही," तामुएरा म्हणाला.

"बोलणार कसा? अंगणात यायचं नाही, चर्चमध्ये तुम्ही बाजू बदलून बसायचात. मग त्याने हा नेम धरला." तिने गाडीकडे हात केला. "कामावरून सुटला की इकडूनच यायचं. पाऊस असो, अंगात कणकण असो. मी मागे बसलेली असले की फाटक आलं म्हणून मला सांगायचा, आणि रेस सोडायचा. पुढे गेल्यावर विचारायचा, ऐकू गेलं असेल का गं?"

तामुएराने हातातलं फडकं दुमडलं. पुन्हा उलगडलं.

"म्हणायचा, दादाला एवढा वाईट आवाज सहन व्हायचा नाही. आज नाही तर उद्या तो चिडून बाहेर येईल, मला शिव्या घालेल, आणि म्हणेल, गाढवा, साखळी गेलीय, आण इकडे." ती थोडी हसली, आणि तिचे डोळे भरून आले. "शिव्या खायला तयार होता तो. माफी मागायला तेवढा नव्हता. माफी मागितली तर पप्पांचा शब्द खोटा पडेल म्हणायचा."

"आणि तू काय समजत होतास?" आकाइतीने नवऱ्याला विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

तामुएराने पाना उचलला, पहिल्या बोल्टला लावला आणि जोर दिला. ठिपका मधोमध तुटला.

झाकण निघालं. साखळी लोंबत होती. बोटाने उचलली तर खालच्या चक्रावरून सुटून यावी इतकी सैल. तिच्यामागची रबराची पट्टी झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं आणि त्या लोखंडात साखळीने खोल चर पाडला होता. त्या चरावरून त्याने अंगठा फिरवला.

"आणखी महिनाभर चालली असती तर तुटली असती," तो म्हणाला. "भर रस्त्यात."

तेकुराने कपाळाला हात लावला. "म्हणजे आता न्यूझीलंडहून भाग मागवावे लागणार. उद्यापर्यंत कुठून येणार? मला आधीच कळायला हवं होतं. जाऊ दे दादा, जशी होती तशी बंद करा. मी हळूहळू नेईन. नाहीतर ढकलत नेईन."

तामुएरा उठून शेडच्या मागच्या भिंतीपाशी गेला. वरच्या फळीवर जुने ट्यूब, आरसे, फुटलेले दिवे होते. ते बाजूला सारून त्याने मागून बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा काढला. फळीवर सगळीकडे धूळ होती, डब्यावर नव्हती. त्याने तो गाडीशेजारी आणून ठेवला आणि झाकण उघडलं. तेलकट कागदाच्या तीन पुड्या. एकात नवी साखळी, दुसऱ्यात पट्टी, तिसऱ्यात गॅस्केट आणि बारीकसारीक.

तेकुरा वाकून बघत होती. तिला गाड्यांतलं फार कळत नव्हतं, पण नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"बेटावर अशी दुसरी गाडी नाही," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"मग हे कुणाचं, दादा?"

तामुएरा साखळीच्या कागदावरची दोरी सोडवत होता. गाठ आवळलेली होती, ती त्याच्या नखाला लागेना.

"दर वर्षी काढतो, तेल लावतो, पुन्हा गुंडाळतो," आकाइती म्हणाली. "पहिल्यांदा मी विचारलं, कुणासाठी मागवलंय? तर म्हणे, गिऱ्हाइकाचं आहे. येईल न्यायला."

तामुएराने जुनी साखळी काढून वर्तमानपत्रावर ठेवली, नवी तिच्याशेजारी. दोन्हींचं एकेक टोक जुळवलं तर जुनीचं दुसरं टोक बोटभर पुढे गेलं. खालच्या आणि वरच्या चक्रांच्या खुणा त्याने जुळवल्या, एकदा फिरवून बघितलं, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा जुळवल्या. पट्टी बसवली. टॅपेटमध्ये पातळ पत्रा सरकवून अंतर पाहिलं. तेकुरा त्याच्या हाताखाली बोल्ट देत होती, मोठा म्हटला की मोठा, लहान म्हटला की लहान. एकदा तिने चुकीचा दिला तेव्हा तो म्हणाला, "हा नव्हे, गाढवा," आणि दोघंही थबकली. तिने बरोबर बोल्ट त्याच्या तळव्यावर ठेवला.

उन्हं उतरत चालली होती. खडकरांगेवर लाटा फुटतात ती पांढरी रेघ आता पिवळी दिसत होती. तेकुरा दोनदा तिकडे बघून परत कामाकडे वळली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "दादा, मला निघायला हवं. खोदणारे वाट बघत असतील."

"ठिपके राहिलेत," तामुएरा म्हणाला.

आकाइती आत जाऊन नेलपॉलिशची दुसरी बाटली घेऊन आली. लाल होती, अर्धी संपलेली. तामुएराने झाकण फिरवून ब्रश बाहेर काढला, आणि जरा थांबून तो तेकुरापुढे धरला.

"मी?"

"अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर. जास्त नको."

ती मांडी घालून खाली बसली. तिवायवाय, म्हणजे बेटावरच्या फुलाफुलांच्या गोधड्या, शिवून तिची बोटं बारीक कामाला सरावलेली होती. काल रात्रीच तिने पेटीवर घालायच्या गोधडीचं शेवटचं फूल शिवलं होतं. तिने एकेका बोल्टवर ठिपका ठेवला आणि प्रत्येकावर हलकी फुंकर घातली. तामुएरा तिच्यामागे उभा राहून बघत होता. सगळं झाल्यावर तिने बाटली बंद केली आणि उठून गाडीचं हँडल धरलं.

"बाहेर ढकलू ना? रस्त्यावर चालू करून बघता?"

तामुएरा शेडमधून बाहेर अंगणात गेला. आई-वडिलांची थडगी नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. वर पत्र्याचं छोटं छप्पर, खाली काचेच्या बरणीत आजची ताजी फुलं. वडिलांच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथे आकाइतीने क्रोटनच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. तो तिथे उभा राहिला. तेलाने काळे झालेले हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं.

आकाइती त्याच्या मागोमाग आली होती.

"बायबलवर हात ठेवून बोललोय मी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "त्याने चूक कबूल केली तरच."

"हो."

"आणि तो तर..." त्याने मान शेडकडे वळवली, परत फिरवली. "रोज येत होता."

आकाइतीने त्याच्या खांद्यावर पडलेलं वाळकं पान उचललं. "शपथ घेताना तू देवाला विचारलं नव्हतंस," ती म्हणाली. "मोडताना तरी विचार."

ती बाजूला झाली. तामुएराने टोपी काढली. त्याचे ओठ हलत होते की नुसतीच मान हलत होती, ते शेडच्या दारातून तेकुराला नीट दिसलं नाही. बराच वेळ तो तसाच होता. पलीकडच्या घरातून प्रार्थनेच्या आधीची घंटी वाजली. रोज याच वेळी वाजायची. त्यानंतर थोड्याच वेळाने रस्त्यावरून आवाज यायचा.

तो परत आला. तेकुराच्या हातातून त्याने हँडल घेतलं आणि गाडी शेडमधून बाहेर काढली. फाटकाकडे नेली नाही. थडग्यांपासून चार पावलांवर, पांढऱ्या चुऱ्यावर, त्याने ती उभी केली, किल्ली फिरवली आणि किकवर पाय ठेवला.

"दादा," तेकुरा म्हणाली, "इथं..."

पहिली किक वाया गेली. दुसऱ्या किकला इंजिन चालू झालं.

शेजारच्या घरात कुणीतरी खिडकीत आलं. तामुएराने पेचकस आणला नाही. तो मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. त्याने हळूहळू रेस दिली, थोडी, मग आणखी, इंजिन एकसारखं, भरल्या आवाजात चढत गेलं. मग त्याने मूठ सोडली.

खडखड आली नाही. आवाज नुसता खाली उतरला आणि संथ चालत राहिला. तामुएरा तरी वाट बघत थांबला होता, इतक्या वर्षांची ऐकायची सवय होती. त्याने खालचा ओठ दातांखाली धरला.

इंजिन बंद करून त्याने किल्ली तेकुराच्या हातात दिली.

"खोदणाऱ्यांना निरोप धाड," तो म्हणाला. "मातावेराला नको म्हणावं. सकाळी लवकर इकडे या, फावडी माझ्याकडे आहेत."

तेकुराने किल्ली मुठीत घट्ट आवळली. तिने मान हलवली.

"उद्या विमानतळावरून निघालीस की याच अंगाने ये. त्याच्या वाटेने."

"हो, दादा."

"आणि फाटकापाशी रेस सोडू नको." त्याने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "सरळ आत यायचं."

आकाइती वाकली आणि सासऱ्यांच्या शेजारच्या कुंड्या एकेक करून भिंतीकडे सरकवू लागली.